चेलोच्या पायाशी

माझा धाकटा दीर दिवसा इस्पितळातल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी रंगमंचावर तोंडातून अवाक्षरही न काढता लोकांना हसवायचा. बायको लवकर गेली. मुलीला त्याने याच दोन धंद्यांवर वाढवलं. ती चेलो वाजवायला शिकली आणि चौघा वादकांच्या संचात लागली. दीर त्यांना लाडाने चांडाळचौकडी म्हणे. पुढे त्यांच्या म्होरक्यालाच कल्पना सुचली की वादन चालू असताना दिराने उशिरा आलेल्या श्रोत्याचं सोंग करावं.

मुलगी भडकली. कार्यक्रमाआधी पडद्यामागे माझ्यादेखत तिने बजावलं, "बाबा, पहिल्या भागात काय तो धुडगूस घाला. संथ भाग माझा आहे. त्यात एक जण जरी हसला, तरी मी संच सोडीन."

"मी खांब होऊन बसेन."

"तुम्ही खांब झालात तरी लोक हसतात."

"मग वहिनीसारखा बसेन. वहिनीकडे बघून आजवर कोणी हसलेलं नाही."

मी हसले. ती नाही.

पहिल्या भागात स्वतःची खुर्ची शोधता शोधता त्याने लोकांना गडाबडा लोळवलं. संथ भाग सुरू होताच मुकाट्याने रंगमंचाच्या कडेला फतकल मारली.

मी पुढच्याच रांगेत होते. चेलोच्या तळाला टोकदार दांडी असते, तिच्याखालचं रबर निसटलं होतं. गुळगुळीत फळ्यांवरून दांडी पुढे सरकत होती आणि वाद्य मुलीच्या गुडघ्यांतून सुटत चाललं होतं. ती एकटीच वाजवत होती, थांबणार कशी? दिराने ते पाहिलं. हलावं तर लोक हसणार, न हलावं तर चेलो आपटणार.

तो बसल्या बसल्या सरकू लागला, इतका सावकाश की मलाच दम धरवेना. माझ्यामागे कोणीतरी खुदकन हसलं. दिराने मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. चेहऱ्यावर सोंग नव्हतं. ते हसू तिथेच विरलं. मग पाय लांब करून त्याने बुटाचा तळवा दांडीपुढे रोवला. चेलो थांबला. भाग संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला. पुन्हा कोणी हसलं नाही.

शेवटचा सूर विरला. दीर उठायला गेला, तर पायाला मुंग्या आलेल्या. तो धाडकन तोंडावर पडला आणि अख्खं सभागृह हसलं. त्याने घाबरून मुलीकडे पाहिलं.

ती चेलोचा गज सावरत हळूच म्हणाली, "संपलाय संथ भाग. पडा आता खुशाल."