म्हसोबाचा पेला

एरवी गावच्या मीटिंगला नागुबाईला कुणी बोलवायचं न्हाय. दारूच्या मीटिंगला मात्र तिला पुढं बसवलं. तिच्या थोरल्याला, नागेंद्रला, दारूनं खाऊन वर्ष होत आलं होतं.

अंगणवाडीतली रचनाताई समजावत होती, "दारू प्यायचं वय आपल्या कर्नाटकात एकवीस. तिकडं महाराष्ट्रात पंचवीस, गोव्यात अठरा. मागं आपल्या सरकारात बी अठराचं निघालतं, बोंब उठली तसं गुंडाळलं. आपण पंचवीस मागायचं."

"म्हंजे गोव्याची पोरं लवकर शानी हुत्यात व्हय गं?" जयाबाई बोलली. बाया खिदळल्या.

नागुबाईनं विचारलं, "आनि म्हसोबाला किती चालतंय?"

तिच्या भाऊकीत आषाढात म्हसोबाला कोंबडं कापायचं, दारू दावायची आणि देवापुढचा पेला थोरल्या घरच्या थोरल्या पुरुषानं प्यायचा. पेला तसाच ऱ्हायला तर गोठा बसतो, जनावरं दगावतात म्हणायचे. नवरा गेला त्या साली पेला नागेंद्रकडं आला. अकरा वर्षांचं पोरगं. ओकाय लागलं तर नागुबाईनंच नाक दाबलं होतं, "गीळ रं, देवाचं हाय." कर्ता झाला म्हणून दृष्ट बी काढली होती.

औंदा पाळी धाकट्या साईराजची. सोळाचा, बेळगावात आयटीआय शिकणारा. एवढा एक वाचवायचा होता.

देवाच्या मंगळवारी ती दिराच्या, परशरामच्या पाया पडली. "आप्पा, औंदा पानी दावूया."

"देवाला पानी? वैनी, तुजी एक म्हस. माज्या चार हायत. कुनी भरून द्यायच्या?"

"कायदा हाय. एकवीसच्या आत द्यायची न्हाय. पोलिसात जाईन."

"जा की! येताना म्हसोबाच्या नावानं नोटीस घिऊन ये." भाऊकी हसली.

म्हसोबाच्या माळावर कोंबडं कापलं. पेला भरून दगडापुढं ठेवला. परशराम साईराजला हाक मारणार, तोवर नागुबाईनं पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. घसा जळला, डोळ्यांपुढं अंधारी आली. बाईनं देवाचा पेला तोंडाला लावलेला त्या माळावर कुणी बघितला नव्हता. ती मटकन खाली बसली. सुटलं एकदाचं, असं तिला वाटलं.

परशराम शिव्या देता तर बरं झालं असतं. "बाईचं देव धरत न्हाय," एवढंच बोलून त्यानं पेला विसळला आणि परत काठोकाठ भरला.

"साईराज, नगं रं," नागुबाई बसल्या जागेवरनं म्हणाली.

"आई, गप की. लोक बघाय लागल्यात."

त्यानं दोन्ही हातांनी पेला घेतला, कपाळाला लावला आणि एका दमात संपवला. भाऊकीनं चांगभलं म्हटलं. साईराजनं ओठ पुसले, बाटलीकडं बघितलं आणि पेला परत पुढं केला.

"आप्पा, हाय न्हवं अजून?"

परशरामनं ओतली.