तिसरी गाडी

कागदावर मी सैनिक नाही. आमचं दल निमलष्करी. हा 'निम' पेन्शन ठरवताना मोजला जातो. सुरुंगाला तो वाचता येत नाही. सब-इन्स्पेक्टर असताना माझी पोस्टिंग गडचिरोलीच्या जंगलात झाली. कंपनीत संभाजीनगरकडचे आम्ही दोघंच. मी पुंडलिकनगरचा, हवालदार रामेश्वर गायके खुलताबादचा. आम्ही गप्पा मारत असलो तरी बाकीच्या कंपनीला वाटायचं, भांडण चाललंय.

त्या दिवशी कोरमटोल्याजवळच्या रस्त्याचं उद्घाटन होतं. रस्ता आधीपासूनच वापरात होता, फीत तेवढी राहिली होती. पहाटेपासून आम्ही पायी चालत रस्ता तपासला, प्रत्येक मोरीखाली वाकून पाहिलं. परतायचं तेही पायीच आणि वेगळ्या वाटेनं, असा नियम; तपासलेल्या रस्त्यावर मागून सुरुंग लावता येतो. अकराच्या सुमारास वायरलेस बोलला.

"टायगर टू, गाडी से आओ. व्हीआयपी आ रहे हैं. ओव्हर."

"सर, गाडी मना है. ओव्हर."

"गार्ड ऑफ ऑनर में आदमी कम हैं. गाडी से आओ. आउट."

गायके बुटाची नाडी आवळत म्हणाला, "घ्या. फोटोला माणसं कमी पडायलीत."

"तू तिसऱ्या गाडीत बस."

"व्हय साहेब. धूळ खायची सवय हाय, गावाकडंपण मागंच बसायचो."

कॅम्पवरून आलेल्या तीन गाड्या आम्हाला घेऊन निघाल्या. मी दुसरीत होतो. पहिली मोरीवरून गेली, माझी गेली, आणि मागचा रस्ता वर उचलला गेला. वळून पाहिलं तेव्हा तिसरी गाडी नव्हती, खड्डा होता. त्यात ती उलटी पडली होती. डावीकडच्या उतारावरून फायरिंग सुरू झालं. आमच्याकडून एलएमजी मशीनगन चालू झाली तेव्हा मी खड्ड्यात उतरलो. गायकेला ओढून काढलं. मांड्यांखाली काही उरलं नव्हतं. तो शुद्धीवर होता.

"पाय झाका साहेब," तो म्हणाला. "पोरं बघायलीत."

पोरं म्हणजे नवे जवान. पायांच्या जागेवर मी माझा शर्ट टाकला. हेलिकॉप्टर येण्याआधी तो गेला. तिसऱ्या गाडीतले सहाही गेले. उद्घाटन आठवडाभर पुढं ढकललं.

निवृत्त झाल्यावर एका संस्थेनं मला वाळूजच्या वसतिगृहाचा वॉर्डन केलं. तिथं नऊ मुलं होती. बारा-तेराव्या वर्षी नक्षलवाद्यांनी त्यांना दलममध्ये, म्हणजे आपल्या सशस्त्र तुकडीत, नेलं होतं. आता विशीत आत्मसमर्पण करून ती कारखान्यांत काम शिकत होती. बायको म्हणाली, "ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांनाच पोळ्या वाढणार?" मी म्हटलं, गोळ्यांनी फार फरक पडला नाही, हे करून पाहू.

दलममध्ये कमांडरला दादा म्हणतात. मुलं मलाही पहिल्या दिवसापासून दादा म्हणू लागली. सरकारनं न दिलेली ही बढती मी घेऊन टाकली. ती बूट घालूनच झोपायची. एकाच जागी रोज उभं राहायचं नाही, ही जंगलातली शिकवण इतकी मुरलेली की शिफ्टच्या बसला रोज वेगळ्या ठिकाणी थांबायची आणि रोज बस चुकवायची. कॉन्ट्रॅक्टर मला फोन करून विचारायचा, "तुमची पोरं आज कोणत्या झाडाखाली?" स्टॉप म्हणजे अँबुश नव्हे, हे पटवायला महिना गेला.

त्यांची एक सवय मात्र मी मोडली नाही. दर शनिवारी संध्याकाळी ती गोल बसायची. एकेक जण उभा राहून आपली चूक सांगायचा. दलममध्ये याला आत्मटीका म्हणतात. चूक सांगितली की शिक्षा मिळेपर्यंत हात खाली सोडून उभं राहायचं, तोंड चुकवायचं नाही. आमच्याकडे चुका अशा असत: "मी दोन पोळ्या जास्त घेतल्या." "मी सुपरवायझरला मनात शिवी दिली." शिक्षा म्हणजे भांडी घासणं. ऑफिसर्स मेसमध्ये ही प्रथा असती तर भांडी कायम लखलखीत राहिली असती, असं मला वाटे.

सुकरू मट्टामी त्यांच्यात सगळ्यात गप्प. हात बारीक कामाचा. वाळूजमधल्या एका कारखान्यानं त्याला ट्रेनी फिटर म्हणून घेतलं. पहिल्या पगारातून त्यानं पिवळा शर्ट आणला. जंगलात पिवळा चालत नाही.

गायकेच्या स्मृतिदिनाला खुलताबादमध्ये तिथल्या पुढाऱ्यानं, सगळे ज्यांना भाऊ म्हणतात त्यांनी, कार्यक्रम ठेवला. वीराच्या कुटुंबाचा सन्मान आणि त्याच मंचावर 'मुख्य प्रवाहात आलेल्या' युवकांचा सत्कार. भाऊंचा माणूस वसतिगृहावर आला.

"मुलांना बोलावू नका," मी म्हणालो. "त्या घरच्यांसमोर नको."

"साहेब, तेच तर हाय ना. दोन्ही बाजू एका फ्रेममध्ये."

मुख्य प्रवाहात उतरायला आधी स्टेजवर चढावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. संस्थेनं आधीच होकार दिला होता. मी सोबत गेलो.

मंडप मोठा होता. फ्लेक्सवर गायके लहान आणि भाऊ मोठे. पुढच्या रांगेत गायकेचे वडील, शेजारी धाकटा भाऊ दीपक. तो वाळूजलाच कारखान्यात प्रेस मशीनवर काम करतो. भाऊंनी दीपकला मंचावर बोलावून पितळी स्मृतिचिन्ह दिलं. मग निवेदकानं मानपत्र वाचलं. त्यात कोरमटोल्याची मोरी आली, तारीख आली, सहा नावं आली.

सुकरू मंचावर माझ्या डावीकडे उभा होता, बाकीची आठ मुलं खाली होती. त्याला एकच वाक्य पाठ करायला दिलं होतं, आभाराचं. माइक हातात आल्यावर ते वाक्य बाजूला राहिलं. तो शनिवारी बोलायचा त्याच आवाजात बोलला.

"कोरमटोल्याला तार मी जोडली होती. तेरा वर्षांचा होतो. कमांडर म्हणाला, दोन गाड्या सोड, तिसरीला बटन दाब. मी दाबलं. ही माझी चूक आहे."

त्यानं माइक स्टँडला लावला, हात खाली सोडले आणि तो उभा राहिला.

दुसऱ्या गाडीत मी होतो. तेवढाच विचार माझ्या मनात आला. तेवढ्यात दीपक पुढं सरकला. त्यानं स्मृतिचिन्हाचा पहिला घाव सुकरूच्या कानावर घातला.

"माझा भाऊ तुकड्यात आला रे," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. दुसरा घाव डोक्यावर.

सुकरू हलला नाही. हात वर केले असते तर कदाचित वाचला असता. पण शिक्षा पुरी व्हायची होती. तिसऱ्या घावाला तो गुडघ्यावर आला आणि परत उभं राहायचा प्रयत्न करू लागला. मग खालून तरुण चढले. लोखंडी खुर्च्या आल्या, मंडपाचा बांबू आला. भाऊ मागच्या बाजूनं उतरले. बंदोबस्ताचे पोलीस चहाच्या टपरीवर होते.

मी सुकरूवर आडवा पडलो. खुर्चीच्या कडेनं माझं गळ्याखालचं हाड मोडलं, तो आवाज मला स्पष्ट आठवतो. आठ मुलं खालून धावली. एकानं बांबू उचलला होता.

"बांबू टाक!" मी ओरडलो. "साखळी करा. कुणी हात उचलायचा नाही."

त्यानं टाकला. आठही जणांनी हातात हात गुंफून आमच्याभोवती कडं केलं. ज्यांना लहानपणापासून फक्त मारायचं शिकवलं होतं, ती मुलं तोंडावर, पाठीवर घाव घेत उभी राहिली. एकाचे पुढचे दात गेले. कडं तुटलं नाही. पोलीस आल्यावर सुकरूला टेम्पोत घातलं. घाटातून उतरताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कानातून रक्त येत होतं.

"दादा, झाली का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"शिक्षा."

"झाली. आता बोलू नको."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वारला.

महिन्याभरानं गायकेचे वडील पुंडलिकनगरला माझ्या घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"साहेब, एक पोरगं तुमच्या नोकरीत गेलं. दीपकचं नाव कोर्टात घेऊ नका."

"बाबा, मी पाहिलंय. विचारलं तर सांगावं लागंल."

"त्या पोरानं माझ्या रामेश्वरला मारलं, ते नाय पाहिलं?"

"तेपण पाहिलं. खड्ड्यातून मीच काढला त्याला."

त्यांनी टोपी सारखी केली. उठताना म्हणाले, "मग रामेश्वरचं नाव इथून पुढं तुमच्या तोंडात नको."

कोर्टात वकिलानं विचारलं, पहिला वार कुणाचा. मी दीपकचं नाव सांगितलं. वडील मागच्या बाकावर होते.

खुलताबादला आता मला कुणी बोलावत नाही. कोरमटोल्याची तारीख आली की शिफ्टची बस येण्याआधी वसतिगृहाच्या अंगणात मुलं रांगेत उभी राहतात. हार नसतो, भाषण नसतं. मी रँकसह नावं वाचतो. सहांमध्ये हवालदार रामेश्वर गायके येतो. त्याच्या वडिलांची परवानगी नाही, तरी वाचतो.

यंदा सहा नावांनंतर मी अडलो. सातव्यापुढं रँक काय लावायची? दलमच्या हिशेबात तो गद्दार होता, सरकारच्या हिशेबात आत्मसमर्पित. दात गेलेला मुलगा रांगेतून म्हणाला, "दादा, कारखान्यात त्याला काय म्हणायचे, ते म्हणा."

मी सावधान झालो आणि वाचलं.

"ट्रेनी फिटर सुकरू मट्टामी."