कूलर बंद ठेवलेले अठरा दिवस

बाळाला पायांवर घेऊन पंचफुला तेल चोळत होती आणि तिच्या उजव्या घोट्याला भयंकर खाज सुटली होती. हात तेलाचे, पायांवर अकरा दिवसांचं पोर. खाजवता येईना. ती नुसती पायाची बोटं आवळत होती, सोडत होती.

समोर खाटेवर बाळाची आजी, पार्वतीबाई ढोबळे, बसल्या होत्या. त्यांची नजर बाळावरून घसरत पंचफुलाच्या घोट्यावर आली. तिथे एका ओळीत चार लाल ठिपके उठले होते.

"हे काय वं?"

"घामोळं आहे बाई. ऊनच कसं तपून राहिलं, पाहा ना."

खोटं इतक्या सहज तोंडून निघालं की पंचफुला स्वतःच दचकली. तिनं बाळाला पालथं घातलं आणि पाठ चोळायला घेतली.

बावीस वर्षं ती नागपुरात बाळ-बाळंतिणींची मालिश करत होती. नवरा गेला तेव्हा एका शेजारणीनं तिला हे काम शिकवलं, आणि महिन्याभरात शेजारणीपेक्षा पंचफुलालाच बोलावणी जास्त यायला लागली. तिची कुठे पाटी नव्हती. एका घरातली सून दुसऱ्या घरातल्या सुनेला सांगायची, तेवढ्यावर चालायचं. म्हणून ती नखं बोटाच्या मुळापर्यंत कापायची, बांगड्या पिशवीत काढून ठेवायची, कुठल्याही घरात शिरली की आधी मोरीत जाऊन गुडघ्यापर्यंत पाय धुवायची. अशा बाईच्या अंगावरून बाळाच्या पांढऱ्या लंगोटावर एक पिसू उडाली, तर ती बातमी ढोबळ्यांच्या मनीषनगरपासून तिच्या महाल भागापर्यंत पोचायला संध्याकाळही लागली नसती.

आणि तिच्या घरात पिसवा होत्या.

महालातल्या तिच्या दोन खोल्यांत तीन वर्षांपासून भुरी नावाची मांजर होती. मांजर तिनं पाळली नव्हती, ती आली आणि राहिली. गेल्या आठवड्यात भुरीच्या पोटावरच्या केसांतून काहीतरी काळं सरकताना पंचफुलाला दिसलं. दुसऱ्याच दिवशी तिनं भुरीला झाकणाच्या टोपलीत कोंबलं आणि एसटीनं पारशिवनीला बहिणीकडे पोचवलं. टोपली रस्ताभर ओरडत होती. कंडक्टर म्हणाला, "मावशी, हिची हाफ फाडू का फुल?" सगळी गाडी हसली. पंचफुला हसली नाही. मांजर गेली की पिसवा गेल्या, एवढाच तिचा हिशेब होता.

तिसऱ्या दिवसापासून पिसवा तिलाच चावायला लागल्या.

ढोबळ्यांकडून निघाली ती घरी न जाता जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथे अदिती नावाची तरुण डॉक्टर होती.

"जनावर कुठे आहे?"

"पारशिवनीले."

"मग मी तपासू कोणाला?"

"मलेच तपासा," म्हणून पंचफुलानं साडी घोट्याच्या वर केली.

डॉक्टरनं वाकून बघितलं. "मांजर होती तोवर पिसवांचं तिच्यावर भागत होतं. तुम्ही तिला पाठवलं. घरात कोशांतून नव्या निघतायत, त्या उपाशी आहेत. आता घरात रक्त फक्त तुमचं."

पंचफुला खुर्चीच्या कडेवर बसली.

"मांजर झोपायची कुठे?"

"कूलरसमोर. गोधडीवर."

"बाहेर पंचेचाळीस डिग्रीत त्यांची अंडी वाळून जातात. तुमच्या कूलरसमोर मात्र ओलावा आहे. फरशीच्या भेगांत छान वाढतायत." मग तिनं एकेक सांगितलं. मांजर परत आणायची, म्हणजे तिच्या मानेवर वजनाप्रमाणे औषधाचा थेंब टाकता येईल. फणीनं विंचरून निघतील त्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. अंथरुणं उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकायची. भेगा रोज झाडायच्या, केर पिशवीत बांधून लगेच बाहेर. कूलर बंद. "तीन आठवडे तरी. आणि कुत्र्याचं औषध मांजरीला लावू नका, जीव जाईल तिचा."

"मॅडम, मी लहान लेकरायले न्हाऊ घालते. माह्यासंगं जातील का?"

"पिसू माणसाच्या अंगावर राहत नाही. कपड्यांतून एखादी जाऊ शकते."

बाकी सगळं पंचफुलाच्या लक्षात राहिलं, पण हे 'एखादी' डोक्यात रुतून बसलं. बसमध्ये तिनं तीनदा पदर झटकला. शेजारची बाई सरकून बसली.

सकाळी ती ढोबळ्यांच्या फाटकापाशीच थांबली, चप्पलही काढली नाही. पार्वतीबाई बाहेर आल्या.

"बाई, ते घामोळं नाही. माह्या घरी पिसवा झाल्या. काल मी खोटं बोलली."

पार्वतीबाईंनी तिच्या घोट्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पिसवा कोणाच्याही घरी होते. पण काल तू माह्या तोंडावर खोटं बोलली आणि माह्या नातवाले हातात घेऊन बसली होती."

आतून सून दामिनीचा आवाज आला, "मावशी, या ना आत. पाणी तापलंय."

"तिथंच थांब," पार्वतीबाई पंचफुलाला म्हणाल्या, आणि आत वळून ओरडल्या, "ती येत नाही आज!"

दुसरी बाई त्याच दिवशी लागली.

भुरीला परत मागायला फोन केला तर बहीण सरिता आधीच तापलेली. "ने माय, ने! माह्या घरी पोट्टे रात्रंदिवस खाजवून राहिले. सासू म्हणते, तुह्या बहिणीनं मांजर धाडली का शिक्षा धाडली?"

"तुलेही डॉक्टरनं सांगितलं ते करा लागते आता, सरिते."

"मी काहून करू? तू ये अन् तू कर!"

शेवटी सरिताचा नवराच टोपली आणून दारात ठेवून गेला. चहालाही थांबला नाही.

मग सुरू झालं. पहिल्याच दिवशी भुरीच्या मानेवर डॉक्टरनं औषधाचा थेंब टाकून दिला. सकाळी सात वाजता, एरवी ज्या वेळी तिचे हात कोणाच्या तरी बाळाच्या पाठीवर असायचे, त्या वेळी पंचफुला भुरीला मांडीत दाबून विंचरायची. उवांची बारीक दातांची फणी, शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा. भुरीनं तिचे दोन्ही हात ओरबाडले. ते हात बघून पंचफुलाला वाटायचं, आता बाळाला हे लावणार कसे? मग ती उठून भेगा झाडायची, बसायची, परत उठायची. खाट हलवायची. झाडलेलं झाडायची. समोरच्या गोपाळरावांनी कुत्र्याची पावडर आणून दिली, "अर्धा डब्बा शिंपडून टाका, खेळ खतम." तिनं डबा घेतला नाही. दुपारी दोन्ही खोल्या भट्टीसारख्या व्हायच्या. ती डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दाराच्या चौकटीत बसायची आणि फोनकडे बघायची. कोणाचं बोलावणं आलं तर नाही म्हणायचं ठरवलं होतं. बोलावणंच आलं नाही. पार्वतीबाईंनी कोणाकोणाला सांगितलं असेल, ते ती घरं आठवून आठवून बघायची.

पंधराव्या दिवसापासून तिनं फरशीवर पांढरं धोतर अंथरून त्यावर अनवाणी चालायला सुरुवात केली. काळा ठिपका उडाला की दिसावा म्हणून. पंधरावा दिवस कोरा गेला. सोळावा, सतरावाही. तिचा विश्वास बसेना. ती दिवसातून सहा वेळा चालायला लागली.

अठराव्या दिवशी अकराच्या उन्हात दाराशी ऑटो थांबला आणि पार्वतीबाई उतरल्या. नाकावर घाम, हातात छत्री.

"घर दाखव."

पंचफुला बाजूला झाली. पार्वतीबाईंनी गादीचा कोपरा उचलून बघितला, कोपऱ्यातली झाडणी उलटी करून बघितली. मग फरशीवरच्या धोतरावर त्या बसल्या. साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि दोन्ही पाय लांब केले.

"आता पाहते. चावली त मले चावंन."

पंचफुला भिंतीला टेकून उभी राहिली. बसावंसं वाटेना. ती त्या दोन पायांकडे बघत राहिली, गोरे, सुजरे, जोडव्यांच्या जागी वळ पडलेले. भुरी खिडकीतून उतरली, पार्वतीबाईंना वळसा घालून खाटेखाली गेली. पार्वतीबाईंनी एकदा पोटरी खाजवली. पंचफुला भिंतीपासून पुढे झाली. पार्वतीबाईंनी वाकून बघितलं. काही नव्हतं.

"कूलर लाव ना बाई. उकडून जीव चालला."

"लावत नाही. अठरा दिवस झाले, बंद आहे. ओलाव्यानं वाढते त्या."

"अठरा दिवस? या मे महिन्यात?" पार्वतीबाईंनी मान वर करून पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग पदरानं मान पुसली. "ती दुसरी बाई कानाले फोन लावून लेकराले न्हाऊ घालते. एका हातानं. काल साबण डोळ्यात गेला त्याच्या."

पंचफुलाची बोटं आपोआप वळली होती, बाळाचं डोकं तळव्यात धरावं तशी.

पार्वतीबाई भिंतीचा आधार घेत उठल्या. "उद्या सातले ये. पण इथली साडी आमच्या घरात नको. माह्या दोन जुन्या साड्या मोरीत ठेवते, आल्या आल्या बदलायची. सव्वा महिना होईपर्यंत."

"हो बाई."

ऑटो गल्लीच्या तोंडाशी वळला. साडी बदलायच्या अटीला इतक्या पटकन हो म्हटल्याचा पंचफुलाला मग राग आला, आणि राग येतो न येतो तोच ओरखडे भरावेत म्हणून ती हळद शोधायला लागली. हळद सापडली नाही. ती परत आली आणि पार्वतीबाई बसल्या होत्या तिथेच धोतरावर बसली. साडी पोटरीपर्यंत घेतली, पाय लांब केले, आणि पिसू चावते का याची वाट बघत राहिली.