मी न वाचलेली ओळ, आणि एकवीस किलोमीटर

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि माझ्या डाव्या नडगीच्या हाडावरची एक काळपट रेघ पेनाच्या टोकाने दाखवली. "ये देखो बेटा. स्ट्रेस फ्रॅक्चर." मी आणि बाबा दोघंही वाकून बघत होतो.

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून किंवा फटका बसून मोडलेलं हाड नव्हे. हाडावर रोज थोडा थोडा जास्त भार पडतो, त्याला भरून यायला वेळ मिळत नाही, आणि एक बारीक तडा जातो. हे मला त्या दिवशी कळलं.

बाबांनी विचारलं, "पर साहब, एक्स-रे में तो कुछ नहीं निकला था."

"शुरू में अक्सर नहीं दिखता," डॉक्टर म्हणाले. "रिपोर्ट में लिखा भी था. दर्द रहे तो दौड़ना बंद, दो हफ़्ते बाद फिर दिखाइए."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिल्मकडेच बघत राहिले. पायापेक्षा जास्त दुखलं ते तेव्हा.

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. आजोबा भंडाऱ्याहून कामासाठी जबलपूरला आले, बाबा इथल्या रांझी भागातल्या कारखान्यात लागले, आणि कॉलेजची पायरी चढणारी घरातली पहिली मी. त्यामुळे विजेच्या नोटिशीपासून औषधाच्या बाटलीपर्यंत घरात आलेला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्या हातात दिला जातो. मी वाचते, आई-बाबा ऐकतात. तो एक्स-रेचा रिपोर्टही मीच वाचून दाखवला होता. "नॉर्मल आहे," म्हणाले आणि कागद घडी करून ठेवला. शेवटची ओळ वाचली नाही.

का नाही वाचली, ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. माझी शाळा हिंदीत झाली, मराठी घरातलं आहे. बाबा वाचून बघणार आहेत, म्हणून आता तरी पूर्ण लिहिते.

आमच्या कॉलेजच्या मुलांनी थॅलेसीमियाच्या मुलांसाठी एक हाफ मॅरेथॉन ठरवली होती. थॅलेसीमिया हा जन्मापासूनचा रक्ताचा आजार आहे. या मुलांच्या शरीरात नीट रक्त तयार होत नाही, म्हणून त्यांना दर दोन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त द्यावं लागतं. पळणाऱ्याने प्रत्येक किलोमीटरमागे एक रक्तदाता आणायचा, असा नियम होता. मी एकवीस किलोमीटरला नाव दिलं. म्हणजे एकवीस माणसं.

रविवारी विहारात वंदना झाली की मी एकेकाला गाठायची. आमच्या वस्तीत रक्त द्यायचं म्हटलं की लोक चपला शोधायला लागतात. सगळ्यांत जास्त ओरड मेश्राम काकांची. ते आमच्या शेजारी राहतात आणि बाबांच्याच कारखान्यात आहेत. "वा बाई! पळून राहिली तू, अन् रक्त आमचं काढते?" असं म्हणून ते सगळ्यांना हसवायचे. शेवटी म्हणाले, "चलो, तू पुरं पळून दाखव, मग देतो. नाही पळली तर नाही." बाकीच्यांनीही हीच अट धरली. पण एकवीस नावं झाली. एकविसावं नाव आईचं होतं. कागद मी कपाटाच्या दारावर चिकटवला.

नडगी दुखायला लागली ती त्यानंतर. आधी पळून आल्यावर दुखायची, मग पळताना, मग जिना चढतानाही. हाडावर एका ठिकाणी बोट ठेवलं की डोळ्यांत पाणी यायचं. आई तेल कोमट करून चोळायची आणि म्हणायची, "काहून येवढी पळते? सूज नाही, काही नाही, अन् दुखते कसं?"

एक्स-रे काढला तो तिच्या हट्टामुळे. आणि त्याची शेवटची ओळ मी गिळली, कारण चारच दिवसांनी सुट्टीत कॉलेजचं साहस शिबिर पचमढीला जाणार होतं. दरी उतरायची, दोराने कडा चढायचा, चौरागडच्या पायऱ्या चढायच्या. घरातून एवढ्या लांब मी कधी गेले नव्हते. "नॉर्मल" हा शब्द मला परवानगीसारखा वाटला.

चौरागड मी चढले. हे आजही अभिमानाने सांगते, आणि लाजेनेही. वरून सातपुड्याच्या रांगा बघितल्या तेव्हा पाय विसरले. उतरताना अर्ध्यावर डावा पाय पायरीवर टेकला आणि नडगीत आतून काहीतरी फाटल्यासारखं झालं. खाली बसले ती उठताच आलं नाही. दोघी मैत्रिणींच्या खांद्यावर हात टाकून, एका पायावर उड्या मारत उरलेल्या पायऱ्या उतरले. बाबा दुसऱ्या दिवशी बसने घ्यायला आले.

एमआरआयला नेण्याचं बाबांनीच ठरवलं. त्यांचं काम तपासणीचं आहे. धातूच्या तयार भागावर ते लाल रंग लावतात, पुसून काढतात, वरून पांढरी पूड मारतात. भाग चांगला असेल तर पांढराच राहतो. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग हळूहळू रेघ होऊन वर येतो. ते म्हणाले, "डोळ्याले नाही दिसला म्हणजे तडा नाही, असं नसते. दुसरी टेस्ट करू."

दवाखान्यातून आम्ही ऑटोने परतलो. वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "मी अख्खं आयुष्य तडे शोधून राहिलो. घरातला कागद तू अर्धा वाचशील, हे नाही माहीत होतं."

मी रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं: तीन आठवडे कुबड्या, डाव्या पायावर भार नाही. मग तीन आठवडे चालण्याचा बूट, म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा कडक प्लॅस्टिकचा बूट, ज्याने नडगीवरचा भार कमी होतो. पळण्याचं नाव तीन महिने काढायचं नाही. मॅरेथॉन पाच आठवड्यांवर होती.

पहिले चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. कपाटाच्या दारावरचा कागद समोर दिसायचा. मी पळणार नाही, म्हणजे एकवीस माणसं सुटली. माझ्या एका न वाचलेल्या ओळीने एकवीस बाटल्या रक्त गेलं. दिवसभर हेच डोक्यात चालायचं. ज्यांना कधी दुखापत झाली आहे त्यांना माहीत असेल, दुखण्यापेक्षा हा हिशोब जास्त जागा खातो.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी कुबड्या घेऊन विहारात गेले. वंदना झाल्यावर उभी राहिले. मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी सांगितलं, की मी पळू शकत नाही, आणि त्यात चूक माझीच आहे. रिपोर्टची ओळ लपवल्याचंही सांगितलं.

मेश्राम काका पटकन म्हणाले, "म्हणजे सुटलो आम्ही!"

दोन-चार जण हसले. मग कुणीच हसेना. काकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि सतरंजीचा धागा ओढत बसले.

बाबा सहसा सभेत बोलत नाहीत. ते मागून म्हणाले, "पहिल्या किलोमीटरचं मी देतो. केव्हा जायचं ते सांग."

मग आणखी पाच हात वर झाले. उरलेले पंधरा झाले नाहीत. पण घरी येताना कुबड्या हलक्या लागत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन मी रक्तपेढीत गेले. त्यांच्या आधी माझंच घ्या, असं मी तिथल्या दीदींना सांगितलं. मला वाटत होतं, चूक माझी, तर पहिली बाटलीही माझी. दीदींनी माझ्या बोटाला सुई टोचली आणि एक थेंब निळ्या पाण्याच्या भांड्यात सोडला. ते कॉपर सल्फेटचं पाणी असतं. रक्तात पुरेसं हिमोग्लोबिन असेल तर थेंब बुडतो. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लोहाचा, प्राणवायू वाहून नेणारा भाग. माझा थेंब वरच तरंगत राहिला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

"अरे, तू लोगों से ख़ून माँगती फिर रही है," दीदी म्हणाल्या, "तेरे में ख़ुद नहीं है!"

बाबांचा थेंब दगडासारखा तळाला गेला.

नंतरच्या तपासणीत माझं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक आठ निघालं. रक्त द्यायला साडेबारा लागतं. लोह कमी, व्हिटॅमिन डी कमी, आणि गेले पाच महिने पाळी नीट आलेली नव्हती, तेही मी कुणाला बोलले नव्हते. डॉक्टरांनी समजावलं की जेवढं पळतेस त्या मानाने खात नाहीस. शरीर मग हाडांकडून उसनं घेतं. पहाटे चहा-बिस्किटावर पळणाऱ्या मुलींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. पाळी चुकणं ही पळण्याची बक्षिसी नाही. डॉक्टरांना सांगा.

रक्तपेढीच्या डॉक्टर मॅडमनी मात्र मला वेगळीच गोष्ट सांगितली. एकवीस जण एकाच दिवशी आणणार होतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, "सब एक साथ मत लाना बेटा. रक्त पाच-सहा हफ़्ते ही टिकता है. बच्चों को तो हर महीने चाहिए. दो-दो करके ला सकती हो?"

मी दोन-दोन करून आणू शकत होते. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

तेव्हापासून दर शनिवारी मी दोघांना घेऊन ऑटोने जायची. आधी कुबड्यांवर, मग बूट घालून. जे "पळशील तेव्हा देऊ" म्हणाले होते, ते मला गल्लीतून ठक-ठक करत जाताना बघायचे. तिसऱ्या आठवड्यात एक काकू म्हणाल्या, "हे पळण्यापेक्षा जास्त झालं बाई," आणि स्वतःच ऑटोत बसल्या.

मॅरेथॉनच्या दिवशी मी राइट टाउनमध्ये पाण्याच्या टेबलाजवळ स्टुलावर बसून पेले देत होते. माझ्या वर्गातल्या मुली पळत आल्या तेव्हा टाळ्या वाजवल्या. हेवा वाटला नाही, असं म्हणणार नाही.

आठव्या आठवड्यापर्यंत बूट निघाला होता. शिबिराची मुलं बरगी धरणावर कयाक चालवायला निघाली. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. यावेळी मी आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हातांनी वल्हवायला हरकत नाही, पण चढ-उतार दुसऱ्याच्या आधाराने. त्यांनी लिहून दिलेला कागद मी घरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवला. औषध दुकानाचा शिक्कासुद्धा वाचला. बाबा म्हणाले, "बस ना बे, पुरे." पण हसत होते. बरगीच्या पाण्यावर पाय न वापरता मी खूप लांब गेले. हात आठवडाभर दुखले. ते दुखणं चांगलं होतं.

मेश्राम काका एकोणिसावे आले. सुई टोचताना डोळे गच्च मिटून माझा हात धरून होते. झाल्यावर बिस्किट खात म्हणाले, "येवढंच असते होय? मी फालतूच घाबरून राहिलो वीस वर्षं." आता ते दर तीन महिन्यांनी जातात आणि वस्तीत इतरांना घाबरट म्हणतात.

विसावं नाव झालं. एकविसावी आई. ती नवी साडी नेसून आली. दीदींनी वजन केलं, त्रेचाळीस किलो. पंचेचाळीस लागतं.

"चप्पल घालून उभी राहू का?" आईने विचारलं.

दीदी हसल्या आणि नाही म्हणाल्या. आईला फार वाईट वाटलं. घरी येऊन तिने कपाटावरच्या कागदावर स्वतःच्या नावापुढे माझं नाव लिहिलं. "माझ्या वाटचं तू देशील," म्हणाली. "तोपर्यंत मी खाऊ घालते."

आणि तिने घातलं. लोहाच्या गोळ्या होत्याच, पण त्यासोबत हिरव्या भाज्या, चणे-गूळ, अंडी, आणि गोळीनंतर लिंबू-पाणी. गोळी चहासोबत घ्यायची नाही, हे तिने डॉक्टरांकडून ऐकलं आणि सकाळचा माझा चहाच बंद केला. पाळी परत सुरू झाली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं अशी परवानगी दिली. नडगीवर बोट दाबलं तर आता काही होत नाही. मी अजून पाच किलोमीटरच्या पुढे गेलेले नाही. जाईन. घाई नाही.

ज्या कुणाला असं दुखणं येईल त्यांना माझं एकच सांगणं आहे. रिपोर्ट पूर्ण वाचा, मोठ्याने वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर तर नक्कीच. ते आपल्या आवाजावर विश्वास ठेवून बसलेले असतात.

मागच्या शनिवारी आम्ही तिघं रक्तपेढीत गेलो. दीदींनी बोटाला सुई टोचली. थेंब निळ्या पाण्यात पडला, क्षणभर थांबल्यासारखा वाटला, आणि सरळ तळाला गेला. आईने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठला. तपासणीत आकडा आला बारा पूर्णांक सात.

मी खाटेवर आडवी झाले. त्या दिवशी एक नवीन नर्स होती. फॉर्म भरताना तिने विचारलं, "पहली बार दे रही हो?"

मी हो म्हणणार होते. बाबा माझ्या उशाशी उभे होते. ते म्हणाले, "पहली नहीं जी. इक्कीसवीं."