हसऱ्या मुलींचा वास

परळच्या मॉलमध्ये मी परफ्यूम विकते. उन्हाळ्यात लिंबाच्या वासाची बाटली पुढे करून प्रत्येकीला ऐकवायचं, "मॅडम, हा बिनधास्त, हसऱ्या मुलींचा वास!"

एक मावशी रोज दुपारी काखेत हॉस्पिटलची फाइल घेऊन यायच्या. कागदाच्या पट्टीवर मारलेला तो वास डोळे मिटून घ्यायच्या, पट्टी परत ठेवायच्या आणि वॉशरूममध्ये हात धुऊनच जायच्या.

"लेक हाच लावायची," एकदा म्हणाल्या. "आता केमोमुळं तिला कसल्याही वासानं मळमळतं."

परवा त्यांच्याकडे फाइल नव्हती. पिशवीतून त्यांनी नवाकोरा पिवळा ड्रेस काढला.

"ह्याच्यावर मार गो. भरपूर."

"बरी झाली?" काउंटरवरचं हसू तसंच ठेवून मी विचारलं.

"नाही गो बाय. नेण्याआधी तिला घालायचाय. आता नाही तिला मळमळणार."