जीप भरेपर्यंतचा डाव

अंबडच्या जीप स्टँडवर भेटलेल्या एका मावशीमुळे मी इथं टिकलो. त्यांचं नावही मी विचारलं नाही. नववीतच शाळा सोडलेला मी गडचिरोलीकडून घनसावंगीच्या कापसाच्या जिनिंगवर आल्तो, आणि घरच्या आठवणीनं काम सोडून पळायचं ठरवलं होतं. त्या दिवशी फक्त खोलीवरची पिशवी आणायला अंबडहून परत निघालो होतो.

जीप भरल्याशिवाय हलत नाही. बसल्या बसल्या मी मोबाईलवरच्या खेळातली शेती उघडली. ती वर्षानुवर्षं चालते.

शेजारी मावशी त्यांच्या मोबाईलवर ठोकळे जुळवत होत्या. डाव संपला की मोबाईल पदरानं पुसायच्या, थोडा वेळ आभाळाकडे बघायच्या, मग नवा डाव मांडायच्या.

"तुझा खेळ कवा संपतो रे?"

"संपतच नाही, मावशी."

"मंग किती घोर करून राह्यला तू. माझा जीप भरेपर्यंत पुरतो. उद्याचा डाव उद्या."

जीप निघाली. दोन्ही बाजूंनी ऊस झोपेत असल्यासारखा डुलत होता. खोलीवर पोचलो आणि ठरवलं, आजची कामाची पाळी करू, पळायचं उद्या बघू. रोज तेच ठरवत गेलो.

होळीला रीतसर सुट्टी घेऊन घरी जाईन. येताना आईच्या हातचे मोहाचे लाडू आणीन आणि मावशींना स्टँडवर शोधून त्यांच्या हातावर ठेवीन.