नजरेचं फडकं

उसाच्या भरल्या ट्रॉल्या घेऊन धारूरचा घाट उतरायचा म्हटलं की आदल्या रात्री माझा डोळा लागत नाही. त्यात ट्रॅक्टरच्या इंजिनातून ऑइल गळायला लागलं. पुढचं सील मी घरीच दोनदा बदललं, तरी अंगणात पुन्हा काळा डाग. घाटात इंजिन जाम झालं तर, हाच विचार दिवसभर. बायको काही विचारायला आली की मी तिच्यावर खेकसायचो.

शेवटी इंजिन डिझेलनं धुतलं, गळती नेमकी कुठून ते दिसावं म्हणून वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि चालू केलं. पावडर सीलपाशीच ओली झाली. चिडून ऑइल भरायचं झाकण काढलं, तर आतली हवा तळहात ढकलायला लागली. कोंडलेली हवाच सीलमधून ऑइल बाहेर रेटत होती. हवा सोडणारी नळी वाकून बघितली. तिच्या तोंडावर काळं फडकं करकचून बांधलेलं, आत बिब्बा.

"हे कुणी बांधलं?"

"तुमीच की," बायको म्हणाली. "पहिल्या खेपेला. घाटाची लई भीती वाटती म्हनून."

फडकं सोडलं, गळती थांबली.

दुसऱ्या दिवशी घाट उतरलो, तेव्हा ते फडकं माझ्या खिशात होतं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.